आवाजाची वाटणी

आपल्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची चिठ्ठी आली तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. संस्थेचा इतिहास सांगणारे आणि संस्थापकांच्या सहवासात वावरलेले, आमच्याहून अधिकारी असे सभासद पुष्कळ आहेत. आम्ही पडलो शाळामास्तर. विज्ञान व गणित हे आमचे विषय. परंतु संस्थेच्या वार्षिक संमेलनात वाद्यवृंदाचा कार्यक्रम चालू असता श्रोत्यांच्या मागे, एका टेबलाशी, बटणांची मोठी पेटी पुढे घेऊन बसलेला जो इसम आपण गेली सोळा वर्षे पाहत आहात, तो आम्हीच. तेव्हा त्या पेटीविषयीच चार शब्द लिहावेत असे ठरविले.

त्या पेटीस मिक्सर म्हणतात. स्वयंपाकघरातल्या मिक्सरशी तिचे नाते नावापुरतेच. चटणीच्या मिक्सरातून निघाल्यावर खोबरे कोणते आणि मिरची कोणती हे ओळखू येऊ नये, ही त्याची कसोटी. आमच्या मिक्सरातून निघाल्यावर गायिका कोणती, तिच्या साथीचा गायक कोणता आणि ढोलकी कोणती हे प्रत्येकास वेगळे कळले पाहिजे, आणि तरीही सारे मिळून गाणे एकच वाटले पाहिजे, ही आमची कसोटी.

या विषयावर लिहिण्यास आणखीही एक कारण आहे. यंदाच्या महोत्सवी कार्यक्रमात सात गायक-गायिका आणि नऊ वादक भाग घेणार आहेत. "आवाज नीट येत नाही" ही तक्रार दरवर्षीचीच असल्यामुळे यंदा दुप्पट ताकदीचे स्पीकर भाड्याने आणावेत, असा विचार कार्यकारी मंडळात चालू आहे. त्यामागची कळकळ आम्ही जाणतो. तथापि हा कार्यक्रम शिष्यवृत्ती निधीसाठी होतो, आणि भाड्यापायी जाणारा प्रत्येक रुपया हा कोणा मुलाच्या वह्या-पुस्तकांतला असतो. दुखणे एक आणि औषध भलतेच, असे होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

एक कबुली

प्रथम आमच्या हातून घडलेली चूक सांगतो. सहा वर्षांपूर्वीच्या संमेलनात चौघांनी मिळून म्हणायचे एक गाणे होते. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटात लता मंगेशकर, मोहम्मद रफी, किशोरकुमार आणि मुकेश या चौघांचे आवाज एकत्र आलेले जे गीत आहे, तेच. लताबाईंच्या ओळी म्हणण्यासाठी संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकणारी, आमच्याच शाळेतली एक मुलगी होती. तालमीत ती फार गोड गायली होती.

प्रत्यक्ष कार्यक्रमात काय झाले? पहिल्या गायकाने बोटाने खूण केली, "वाढवा." आम्ही वाढविला. पहिल्या रांगेतून एका गृहस्थांची चिठ्ठी आली की आमच्या चिरंजिवांचा आवाज कमी येतो. आम्ही तोही वाढविला. मग की-बोर्डवाल्यास आपला आवाज ऐकू येईना, म्हणून त्याने स्वतःच आपले बटण फिरविले. ढोलकीवाला जोराने वाजवू लागला. मुलगी बिचारी लाजरी. माइक तोंडापासून वीतभर लांब धरून उभी. तिचा आवाज वर काढावा म्हणून आम्ही तिचे बटण वर सारले, तो माइकने कर्कश शिट्टी मारली. सारे सभागृह दचकले. आम्ही घाबरून तिचे बटण खाली ओढले आणि पुढच्या गडबडीत ते परत वर नेण्याचे विसरलो. ती शेवटपर्यंत गात राहिली. ऐकू मात्र कोणासच आली नाही.

कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या रांगेतून तिची आजी काठी टेकत आमच्या टेबलाशी आली आणि विचारू लागली, "मास्तर, आमची पोर गायली व्हय? का नुसतीच उभी होती?"

यावर आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. पुढच्या वर्षी त्या मुलीने गाण्यासाठी नाव दिले नाही. दहा वर्षे पेटीवर बसून आपणांस सारे येते असा आमचा समज होता, तो त्या दिवशी गळून पडला. त्यानंतर आम्ही या विषयाचा अभ्यास केला. त्यातून जे हाती आले ते शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

पेटी नव्हती तेव्हा

आमच्या लहानपणी मोहल्ल्यात उरुसाच्या रात्री कव्वाली होई. पुष्कळदा सगळ्या मंडळीत मिळून माइक एकच असे. मुख्य कव्वाल माइकाच्या अगदी पुढे, त्याचा जोडीदार हातभर बाजूला, पाठीमागे साथीदार आणि टाळ्या देणारे. जोडीदाराने ओळ उचलायची झाली की तो पुढे वाकायचा. मुख्य कव्वाल किंचित मागे सरायचा. शेजारच्या आळीत भजन असे, तेथेही हाच प्रकार: बुवा माइकाशी, टाळकरी मागे. कोणी बटण फिरवीत नसे, तरी मुख्य आवाज वर आणि साथ खाली, हे आपोआप साधे.

त्यांचा मिक्सर म्हणजे अंतर होय. मोकळ्या जागी आवाजापासूनचे अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. साथीदार चौपट अंतरावर बसला की तो १२ डेसिबलने खाली गेला. माणसे आपल्या जागेनेच आपापला वाटा ठरवीत असत.

आता प्रत्येक गायकाच्या हाती स्वतंत्र माइक आला. सगळेच माइकाच्या तोंडाशी, म्हणजे सगळेच पहिल्या जागेवर बसले. कोणी मागे सरावे अशी सोय उरली नाही. अंतर जे काम करीत होते ते आता पेटीवरच्या माणसाला करावे लागते. आमच्या मते सगळ्या विषयाचे सार एवढ्यात आहे. पेटीवाल्याचे काम आवाज वाढविण्याचे नसून वाटणीचे आहे. एखाद्याला पुढे आणावयाचे असेल तर बाकीच्यांना थोडे मागे सारावे लागते. सर्वांनाच पुढे आणले तर कोणीच पुढे येत नाही, हे आम्ही त्या चौघांच्या गाण्यात पाहिले.

दुप्पट ताकद म्हणजे दुप्पट आवाज नव्हे

आता स्पीकरांचा हिशेब पाहू. अँप्लिफायरची ताकद ५०० वॉटवरून १००० वॉट केली तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. एवढा फरक कानास जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठी साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट करावी लागते. उलट, गायकाने माइक आठ इंचांवरून दोन इंचांवर आणला तर त्याचा आवाज माइकात सुमारे १२ डेसिबलने वाढतो, आणि त्यास पैसा एकही लागत नाही.

शिवाय मोठा स्पीकर हा न्यायाधीश नव्हे. आत येणारी वाटणी चुकलेली असेल तर तीच चूक तो मोठ्याने सांगेल. दबलेली गायिका मोठ्या स्पीकरातूनही दबलेलीच राहील.

दोन बटणे, दोन कामे

मिक्सरवर प्रत्येक माइकासाठी एक उभी ओळ असते. तिच्या माथ्यावर गेन नावाचे बटण आणि पायथ्याशी फेडर नावाची सरकपट्टी. दोन्हींनी आवाज कमी-जास्त होतो, म्हणून नवशिका दोन्ही एकच समजतो. गेन म्हणजे गच्चीवरील टाकीखालचा मुख्य वॉल्व्ह, आणि फेडर म्हणजे मोरीतला नळ, असे समजावे. वॉल्व्ह एकदा नीट लावून ठेवायचा. रोजचे कमी-जास्त नळावर करायचे.

गेन लावण्याची रीत अशी. गायकाने कार्यक्रमात धरणार तसाच माइक धरावा आणि आपल्या गाण्यातील सर्वांत मोठी, चढी ओळ म्हणावी. "हॅलो, हॅलो, माइक चेक" असे बोलून उपयोग नाही. कारण बोलण्याचा आवाज आणि तार सप्तकातला आवाज यांत फार अंतर असते. त्या चढ्या ओळीलाही लाल दिवा लागणार नाही, इतकी जागा ठेवून गेन लावावा आणि मग त्यास हात लावू नये. कार्यक्रमात मध्येच गेन फिरविला तर सभागृहातला आवाज बदलतोच, पण गायकांपुढील स्पीकरातलाही बदलतो आणि सारे गाडे बिघडते.

शिट्टी का येते?

स्पीकरातून निघालेला आवाज फिरून माइकात शिरतो, पेटीतून मोठा होऊन पुन्हा स्पीकरातून बाहेर पडतो, पुन्हा माइकात शिरतो. प्रत्येक फेरीत तो पहिल्यापेक्षा मोठा होत गेला की क्षणार्धात शिट्टी बनते. सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाचे नाव या प्रकारास दिलेले आहे. माइक आणि स्पीकर यांच्या फेऱ्यात एखादा स्वर जास्त उचलला जात असेल तर शिट्टी त्याच स्वराची येते.

यावर उपाय तीन. पहिला, मोठे स्पीकर माइकांच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूस ठेवावेत. गायकांच्या पाठीमागे कधीही ठेवू नयेत. दुसरा, माइक नीट धरावा. गोल जाळीचा जो माइक आपण सर्वत्र पाहतो त्यातील प्रसिद्ध नमुना, शुअर कंपनीचा एस.एम. ५८, १९६६ साली निघाला. तो पुढून ऐकतो आणि पाठीकडून जवळजवळ ऐकत नाही. म्हणून गायकासाठीचा छोटा स्पीकर त्याच्या पुढ्यात, माइकाच्या शेपटीच्या दिशेस ठेवतात. परंतु पुष्कळ गायक दूरदर्शनवर पाहून माइकाची जाळीच मुठीत धरतात. त्यामुळे मागून येणारा आवाज अडविण्याची माइकाची युक्ती बंद पडते आणि शिट्टीला आमंत्रण मिळते.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा, आणि अनेक गायकांच्या कार्यक्रमाला विशेष लागू. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीवाचून आवाज वाढविण्याची आपली मुभा ३ डेसिबलने घटते. एकाचे दोन माइक झाले की ३ डेसिबल गेले, चार झाले की ६, आठ झाले की ९. सातही गायकांचे माइक कार्यक्रमभर उघडे ठेवणे म्हणजे गाण्यास आरंभ होण्यापूर्वीच तोटा पत्करणे होय. जो गात नाही त्याचा माइक बंद ठेवावा, निदान चांगला खाली ठेवावा. यात गायकाचा अपमान नाही. त्याची पाळी येईल तेव्हा त्यास पुरेशी जागा मिळावी, एवढाच हेतू.

शब्द कोठे हरवतात?

"चाल ऐकू आली, पण शब्द कळले नाहीत," ही वडील मंडळींची तक्रार खरी असते. स्वर आणि व्यंजने यांचे घर वेगवेगळे आहे. आवाजाचा भरदारपणा खालच्या भागात असतो. परंतु च, त, ट, श, स ही व्यंजने मुख्यतः २००० हर्ट्झच्या वर राहतात. वय वाढते तसे माणसाचे कान वरच्या भागातच प्रथम मंद होतात. म्हणून आजोबांना ढोलकी ऐकू येते, शब्द येत नाहीत.

त्यातच की-बोर्ड, गिटार, झांजा ही वाद्येही याच वरच्या भागात गर्दी करतात. मोठा आवाज लहान आवाजास झाकून टाकतो. येथे गायकाचा आवाज वाढवीत बसण्यापेक्षा, गाणे चालू असताना की-बोर्डाचा २००० ते ४००० हर्ट्झमधला भाग थोडा उतरविला तर शब्द उमलून येतात. कडवे संपून वाद्यांची पाळी आली की तो पुन्हा चढवावा. गायकांच्या माइकांतून १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकावा. तेथे गळ्याचे काही फारसे नसते, रंगमंचावरील पावलांची धमधम आणि माइकावर फुंकलेला श्वास मात्र असतो. तसेच माइक ओठांस अगदी चिकटवून गायले की आवाजाचा खालचा भाग फुगतो आणि बोल घोगरे होतात. तेव्हा २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास थोडी कात्री लावावी.

आपल्या बेळगावात एकाच कार्यक्रमात मराठी, हिंदी आणि कानडी अशी तीनही भाषांतील गाणी होतात. ज्याला एखादी भाषा कानाने थोडीच येते, त्याला तर व्यंजन हुकले की सारी ओळच हुकते. म्हणून आपल्याकडे शब्दांची राखण अधिक काटेकोर हवी.

चार गळ्यांचे गाणे

आता त्या चौघांच्या गाण्याकडे वळू. असे गाणे सांभाळण्यासाठी आम्ही चार गोष्टी करतो.

एक, प्रत्येक गायकास त्याचा ठरलेला माइक. त्यावर रंगीत चिकटपट्टी आणि पेटीवरील त्याच्या फेडरखालीही त्याच रंगाची पट्टी. माइक हातोहात फिरू लागले की निळा माइक कोणाच्या हाती आहे हे पेटीवाल्यास कळत नाही. भारदस्त गळ्यासाठी उतरविलेल्या माइकात नाजूक गळा सापडतो आणि लुप्त होतो.

दोन, कागद. प्रत्येक गाण्याचा एक तक्ता करावा: पहिले कडवे कोणाचे, दुसरे कोणाचे, एकत्र ओळ कोठे, वाद्यांचा तुकडा कोठे. शिक्षकास वेळापत्रकाची सवय असतेच. ज्याची ओळ येणार त्याचा फेडर ओळीच्या आधी श्वासभर वर जायला हवा. ओळ सुरू झाल्यावर नेला तर पहिला शब्द गेलाच म्हणून समजा.

तीन, सगळे मिळून गातात तेव्हा प्रत्येकास थोडे उतरवावे. चार सारख्या ताकदीचे आवाज एकत्र आले की एकूण पातळी सुमारे ६ डेसिबलने चढते. त्यात मुख्य चालीचा आवाज किंचित वर आणि बाकीचे त्याच्या खांद्याशी, अशी मांडणी असावी. कव्वालीत जो जोडीदार हातभर बाजूला बसे, तोच येथे फेडरवर दोन बोटे खाली असतो. सर्व गायकांचे फेडर एका सामायिक फेडरखाली घेतले म्हणजे त्यांची आपापसांतली वाटणी न मोडता गायक आणि वाद्ये यांचा तोल एका बोटाने राखता येतो.

चार, कॉम्प्रेसर. एखादा गायक हळू गाता गाता एकदम उसळी घेतो. कॉम्प्रेसर ही उसळी आवरतो. तीनास एक असे प्रमाण ठेवले तर ठरावीक मर्यादेपलीकडे आवाज ३ डेसिबल गेला की बाहेर तो १ डेसिबलच वाढलेला येतो. तिखटाप्रमाणे हे थोडेच वापरावे. अधिक झाले की गाण्यातला जीव जातो.

गायकाला स्वतःचे ऐकू येणे

१९११ साली एतियेन लोंबार या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले की गोंगाटात सापडलेला माणूस नकळत आपला आवाज चढवितो. आम्हां शिक्षकांस हा अनुभव रोजचाच. वर्ग गलका करू लागला की मास्तर ओरडू लागतात आणि मास्तर ओरडू लागले की वर्ग अधिक गलका करतो. रंगमंचावर हेच घडते. गायकास आपला आवाज ऐकू येत नाही, तो ओरडतो, सूर सुटतो; वादक चढतात; पुन्हा गायक चढतो.

गायकापुढील छोट्या स्पीकरास मॉनिटर म्हणतात. "मला मी ऐकू येत नाही" असे गायक म्हणाला की बहुतेक पेटीवाले त्याचा आवाज मॉनिटरात वाढवितात. त्याऐवजी त्याच मॉनिटरातून इतरांचा आवाज आधी कमी करून पाहावा. गायकास स्वतःचा गळा आणि सूर धरण्यापुरता की-बोर्ड एवढे पुष्कळ होते. लाजऱ्या गायकाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. आपला आवाज कानी येऊ लागला की त्यास धीर येतो आणि माइक आपोआप तोंडाजवळ येतो.

शेवटची रांग

आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. शेवटच्या रांगेसाठी सभागृहाच्या मध्यावर, रंगमंचापासून साठ फुटांवर, दोन लहान स्पीकर लावले तर विजेच्या तारेतून गाणे तेथे तत्काळ पोचते आणि रंगमंचावरील स्पीकरांचा आवाज हवेतून येण्यास ५३ सहस्रांश सेकंद लागतात. मागच्यांस मग प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि अक्षरे एकमेकांत मिसळतात. यावर उपाय म्हणजे मधल्या स्पीकरांस तेवढाच उशीर लावणे, आणि वर आणखी दहाएक सहस्रांश. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ साली दाखविले की एकच आवाज थोड्या अंतराने दोनदा आला तर कान त्यांस एकच मानतो आणि जो प्रथम आला त्याच्याच दिशेने गाणे येते असे समजतो. मग आवाज जवळून मिळतो आणि गाणे मात्र रंगमंचावरूनच आल्यासारखे वाटते. आजकालच्या बहुतेक डिजिटल मिक्सरांत ही सोय असतेच.

दुपारी रिकाम्या सभागृहात घुमणारा आवाज ऐकून घाबरून जाऊ नये. माणसांचे अंग आणि कपडे आवाज शोषतात. सभागृह भरले की घुमारा पुष्कळ कमी होतो. म्हणून पेटीवाल्याने पहिल्या गाण्यात एकदा उठून शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन यावे. खडेबाजारात आमच्या मामूंचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. कर्णे आणि अँप्लिफायर हाताळण्यास आम्ही तेथेच शिकलो. मामू म्हणत, "बेटा, आधी कान, मग हात." त्या रात्री आम्ही एकदा जरी उठून शेवटच्या रांगेत गेलो असतो, तर त्या आजीला आमच्याकडे यावे लागले नसते.

मर्यादा

कानाचेही एक खाते असते. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, ही अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने सुचविलेली मर्यादा. आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. आपल्या कार्यक्रमात लहान मुले स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसून नाचतात, हे दृश्य कौतुकाचे असले तरी धोक्याचे आहे. गेलेले ऐकणे परत येत नाही. मुलांस तेथून उठवून मध्यभागी बसवावे.

कायद्याचेही भान हवे. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी पातळी ठरविलेली आहे. यंदाचा कार्यक्रम मंडपात व्हावयाचा असल्याने तो वेळेवर सुरू करून दहाच्या आत संपविणे हेच शेजारधर्मास धरून होईल.

विनंती

सबब कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती अशी की मोठे स्पीकर आणू नयेत. नेहमीचेच आणावेत, त्यांच्या जोडीला मागच्या रांगांसाठी दोन लहान स्पीकर आणि गायकांसाठी दोन अधिक मॉनिटर घ्यावेत. खर्च वाचेल तो निधीत जमा करावा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सर्व गायक-वादकांची एक पुरी तालीम खऱ्या माइकांवर व्हावी. गायकांनी माइक दोन इंचांवर धरावा, जाळी मुठीत धरू नये आणि आपला रंग सोडू नये. वादकांनी आपले बटण स्वतः फिरवू नये. आणि श्रोत्यांनी, विशेषतः पहिल्या रांगेतील मान्यवरांनी, पेटीवर चिठ्ठ्या पाठवू नयेत. आपला मुलगा आपणांस कमी ऐकू येत असेल, तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी मुलगी ऐकू यावी म्हणून तसे केलेले असण्याचा संभव आहे.

यंदाच्या गायकांची यादी परवाच आमच्याकडे आली. त्यात त्या मुलीचे नाव आहे. आता ती महाविद्यालयात शिकते. तिने तेच चौघांचे गाणे निवडले आहे. तिच्या माइकास हिरवी पट्टी आम्ही आत्ताच कापून ठेवली आहे. तिची आजी आता फार थकली आहे. तरी येणार आहे, असे कळते. तिच्यासाठी खुर्ची पुढे ठेवू का, असे आम्ही विचारविले, तर निरोप आला की नेहमीच्या मागच्या रांगेतच बसेन. तेव्हा परीक्षा आमची आहे.

असो. लेख लांबला, याबद्दल क्षमा असावी. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या अंतःकरणपूर्वक शुभेच्छा.